लाइन क्लिअर

मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या सुखाची व्याख्या करायला तत्त्वज्ञ लागत नाही. सकाळी सातच्या सुमारास त्याला दोनच प्रश्न विचारावेत. पहिला, 'झोप लागली का?' आणि दुसरा, 'पोट साफ झालं का?' दोन्हींची उत्तरं 'हो' अशी आली की समजावं, हा माणूस आज बायकोशी गोड बोलणार, साहेबाला नमस्कार करणार आणि भाजीवालीशी आठ आण्यांसाठी हुज्जत घालण्याचा जुना रिवाज एक दिवस बाजूला ठेवणार. एका प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर घरात जपून वागावं. दोन्हींची आली तर सरळ माहेरी जावं.

गंमत अशी, की हे दोन प्रश्न आपण जन्मभर एका दमात विचारतो, पण त्या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल असं आपल्या मनातही येत नाही. झोप हे वरच्या मजल्याचं खातं आणि पोट हे खालच्या. वरचा भाडेकरू दिवा मालवून झोपला म्हणून तळमजल्यावरच्याचा नळ बंद पडत नाही, असाच आपला हिशेब. हा हिशेब किती कच्चा आहे, ते मला सिंदेवाहीला कळलं, आणि तेही माझ्या सासऱ्यांच्या पोटावरून.

सिंदेवाही हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात. आजूबाजूला जंगल, मध्ये धानाच्या बांध्या आणि तलाव. गावात भाताचं संशोधन करणारं कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड नावाच्या खेड्यात दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं आपल्या बांधीत निवड करकरून एचएमटी हे तांदळाचं वाण काढलं. असला भात दोन वेळा जेवणाऱ्या गावाला निद्रानाश कशाला होईल? रोवणीच्या दिवसांत तर बाया-माणसं दुपारी बांधावरच्या झाडाखाली पाच मिनिटं टेकतात आणि तेवढ्यात घोरतात. झोप न येणं हा पगारदारांचा, पेन्शनरांचा आणि त्यांच्या जावयांचा रोग.

बँकेच्या बदलीनं मी इथे नवा आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात औषधाच्या दुकानात एक म्हातारबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि खणखणीत आवाजात दुकानदाराला म्हणाले, "झोपेची गोरी हाय का जी?"

मी जरा सरकून उभा राहिलो. वय पाहता मागणी धाडसाची वाटली. दुकानदार मात्र शांतपणे म्हणाला, "डॉक्टरची चिठ्ठी आना ना बाबाजी, बिनचिठ्ठीची गोरी नाही देता येत." मग कळलं, की झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो. शाळेची शारा होते, डोळ्याचा डोरा होतो आणि गोळीची गोरी होते. तेव्हापासून आमच्या घरात झोपेच्या गोळीला गोरीच म्हणतात. पुढे या गोरीनं जो संसार मांडला तो पाहता नाव अगदी योग्य होतं असंच म्हणायला पाहिजे.

आमचे मामाजी, म्हणजे सौभाग्यवतींचे वडील, रेल्वेत होते. रेल्वेत म्हणजे छोट्या गाडीच्या मार्गावर. सिंदेवाहीवरून जाणारा मार्ग नव्वदच्या दशकात मोठा झाला. नागपूर–नागभीड ही छोटी गाडी मात्र नोव्हेंबर २०१९ पर्यंत धावत होती. 'धावत होती' हा शब्द रेल्वेच्या वेळापत्रकातला. मोहफुलं वेचायला उतरलेल्या माणसाला परत चढता यावं एवढी सवड ती गाडी देत असे. मामाजींनी अशा एकेरी मार्गावरच्या लहानलहान स्टेशनांवर सारी नोकरी काढली. पुढच्या स्टेशनाकडून 'लाइन क्लिअर' मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि त्याची खूण म्हणून ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा द्यायचा, हा त्यांचा धर्म. निवृत्तीनंतर धर्म तोच राहिला, फक्त गाडी बदलली. रोज सकाळी संडासातून बाहेर येताना ते मोठ्यानं जाहीर करत, "लाइन क्लिअर!" आणि मगच घरातल्या चहाला हिरवा बावटा मिळे.

झोपेचं मात्र बिनसलं. जन्मभर रात्रपाळी केलेला माणूस. "जावई, गाडीचा आवाज आल्याशिवाय डोळा लागत नाही," असं म्हणायचे. आता घराजवळून रात्रीअपरात्री जाणारी गाडी कुठून आणायची? तेव्हा एका गावच्या डॉक्टरांनी त्यांना झोपेची गोळी लिहून दिली. ती अर्धी घ्यायची होती. मामाजींचा अर्ध्या गोष्टींवर विश्वास नव्हता.

मग पायांना मुंग्या येऊ लागल्या. त्यासाठी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली. गुडघा दुखायचा, त्याला तिसऱ्यांनी एक दिली. रात्री लघवीला चारदा उठावं लागे, ते कमी व्हावं म्हणून चौथ्यांनी एक दिली. सर्दी झाली की खोकल्याचं एक गोड औषध ते स्वतःच घेत, कारण 'त्यानं गुंगी बरी येते.' प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर. प्रत्येकानं आपलं स्टेशन चोख सांभाळलं. पण एकेरी मार्गावर पाच गाड्या सुटल्या आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मामाजी एका डॉक्टरकडे दुसऱ्या डॉक्टरचं नाव काढत नसत. "त्याला वाईट वाटते," म्हणायचे. लग्नाच्या बायकोपासूनही कुणी इतकं लपवत नसेल.

झोप मात्र अशी लागली, की रात्री नऊला आडवे झालेले मामाजी सकाळी नऊला उठत, आणि उठल्यावरही पुरते उठलेले नसत. फिरणं बंद झालं. पाणी कमी झालं, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं. आणि एक दिवस सकाळी घोषणा झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी दबकत विचारलं तर म्हणाले, "गाडी लेट आहे."

पोट बिघडलंय ही बातमी आळीत फुटायला वेळ लागत नाही, आणि ज्याला औषध माहीत नाही असा माणूस विदर्भात जन्माला यायचा आहे. शेजारच्या काकू हिरड्याचं चूर्ण घेऊन आल्या. हिरडा आमच्या जंगलातला, तेव्हा त्यावर गावाचा हक्कच. एकानं जवस भिजवून द्यायला सांगितलं. दुसऱ्यानं तरोट्याची भाजी सुचवली. ती पावसाळ्यात मिळते आणि तेव्हा हिवाळा होता, पण सल्ल्याला ऋतू नसतो. घरमालकीणबाई थेट एरंडेलाची बाटली घेऊन दारात उभ्या राहिल्या. "दोन पळ्या द्या जी, सकारपर्यंत मोकळे होतात!"

पण पाचव्या दिवशी संध्याकाळी मामाजींचं पोट तबल्यासारखं ताणलं होतं. वारासुद्धा सरत नव्हता. जेवण बघवत नव्हतं, आणि दोनदा हिरवट उलटी झाली. मुख्य म्हणजे त्यांनी त्या दिवशी रेल्वेचा एकही शब्द उच्चारला नाही. सौभाग्यवतींनी एरंडेलाची बाटली घरमालकीणबाईंच्या हातात परत दिली आणि मला म्हणाल्या, "बाबांना आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या." पंचवीस वर्षांच्या संसारात मी आज्ञा पुष्कळ पाळल्या आहेत. इतकी योग्य क्वचितच एखादी असेल.

गावातल्या डॉक्टरीणबाई वयानं आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी मामाजींच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवला आणि ऐकत बसल्या. आपल्याला वाटतं, डॉक्टर छातीचं ऐकतात. पोटाचं काय ऐकायचं? पण निरोगी पोट हे चालू गिरणीसारखं असतं, आत सतत गुरगुर, बुडबुड चाललेली असते. बाई एक मिनिट ऐकत होत्या, दोन मिनिटं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आत काहीच आवाज नाही. काय काय गोळ्या चालू आहेत?"

मामाजी म्हणाले, "काही नाही. एक झोपेची."

सौभाग्यवतींनी पिशवी टेबलावर उपडी केली. त्यांनी निघताना मामाजींच्या उशीखालचं, ट्रंकेतलं, कोटाच्या खिशातलं आणि गणपतीच्या फोटोमागचं असं सगळं गोळा करून आणलं होतं. बाईंनी एकेक पाकीट उचलून वाचलं. पायांच्या मुंग्यांसाठीची अ‍ॅमिट्रिप्टिलीन, लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन, सर्दीच्या बाटलीतली क्लोरफेनिरामीन, गुडघ्यासाठीची ट्रामाडॉल आणि वर झोपेची गोरी. मग त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही डोकं झोपवायला गेलात आणि आतडं झोपवलंत."

आतडं झोपतं हे मला नवीन होतं. पण त्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे, आणि तिची सुरुवातही झोपेतच होते. ऑटो लोवी नावाचे एक शास्त्रज्ञ ऑस्ट्रियात ग्राझला होते. मज्जातंतू आपला निरोप अवयवाला कसा पोचवतो, हा त्यांना पडलेला प्रश्न. एका रात्री त्यांना स्वप्नात प्रयोग सुचला. उठून त्यांनी तो कागदावर लिहिला आणि परत झोपले. सकाळी बघतात तर स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागेना. (यावरून ते मूळचे डॉक्टरच होते हे सिद्ध होतं.) नशीब असं, की दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी त्यांनी कागदावर विश्वास ठेवला नाही, तडक प्रयोगशाळा गाठली. एका बेडकाच्या हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित करून ते मंद केलं आणि त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंद झालं. म्हणजे निरोप पोचवणारं काहीतरी रसायन त्या पाण्यात होतं. १९२१ साली हे प्रसिद्ध झालं आणि १९३६ साली लोवींना हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन.

हेच अ‍ॅसिटिलकोलीन हृदयाला 'हळू' म्हणतं आणि आतड्याला 'चल' म्हणतं. आपल्या आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं आहे. मेंदूला न विचारता ते अन्न पुढे ढकलत राहतं, जणू विभागीय कार्यालय. पण 'चल' हा हुकूम द्यायला त्याला अ‍ॅसिटिलकोलीन लागतं. आणि गुंगी आणणाऱ्या कित्येक औषधांचा, म्हणजे सर्दीच्या जुन्या गोळ्या, उदासपणावरच्या आणि वेडावरच्या काही गोळ्या, यांचा एक उद्योग म्हणजे या रसायनाला दारातच अडवणं. तोंड कोरडं पडतं, लघवी तुंबते, आतडं सुस्तावतं. अफूच्या कुळातल्या गोळ्या वेगळ्या दारानं जातात, पण पोचतात तिथेच. निव्वळ झोपेची म्हणून जी गोळी असते ती एकटी आतड्याला फारशी छळत नाही. पण तिच्यामुळे पेंगलेला म्हातारा चालत नाही, पाणी पीत नाही, आणि कळ आली तरी उठत नाही. एकेकटी गोळी सभ्य असते. पाच जमल्या की संप होतो.

हे काही विलायती ज्ञान नव्हे. धोतऱ्याचं बी आपल्या ओळखीचं आहे. प्रवाशाला ते खाऊ घालून लुटायची विद्या या देशात जुनी. त्या धोतऱ्यात अ‍ॅसिटिलकोलीनला अडवणारीच द्रव्यं असतात. भूल पडते, बुबुळं मोठी होतात, तोंडाला कोरड पडते आणि आतड्याची हालचाल थंडावते. पैशांची पिशवी गेलेली असल्यानं या शेवटच्या गोष्टीकडे कुणी लक्ष देत नाही. अफूचंही तेच. जुने वैद्य अतिसारावर अफू घातलेली औषधं देत, म्हणजे तिचा हा गुण त्यांना पक्का ठाऊक होता. १९२० च्या दशकात मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या पोरांना अफूची 'बाळगोळी' देत, पोर दिवसभर निजून राहावं म्हणून. झोपलेल्या पोरानं रडायचंही नाही आणि दुपटंही ओलं करायचं नाही. गरिबीनं केलेली ही सोय होती. तिला हसायचं धैर्य मला नाही.

डॉक्टरीणबाईंनी मामाजींना चंद्रपूरला न्यायला सांगितलं. "आतड्याला खरोखर पीळ पडलाय, की नुसतं निजलंय, ते इथे कळणार नाही. आणि वाटेत पोटात काही द्यायचं नाही. जुलाबाचं तर मुळीच नाही. पुढे रस्ता बंद असताना मागून जोर लावला तर फुटतं."

मामाजींनी डोळे उघडले आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं. "बरोबर आहे. ब्लॉकमध्ये गाडी उभी असताना मागून दुसरी सोडत नाहीत."

रात्री मूलच्या रस्त्यानं निघालो. जंगल दोन्ही बाजूंना. आमचा ड्रायव्हर वाघाच्या मुलखातला माणूस. दिव्याच्या झोतात डोळे चमकले की गाडी हळू करायचा. एरवी मी असल्या वेळी रामरक्षा म्हणतो. त्या रात्री वाघ आडवा आला असता तर मी खाली उतरून त्याला बाजूला हो म्हणालो असतो. मागच्या सीटवर सौभाग्यवती वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि दर थोड्या वेळानं त्यांच्या नाकाशी बोट धरून बघत होत्या.

चंद्रपूरला फोटो निघाले. मोठं आतडं फुग्यासारखं फुगलेलं, पण पीळ नाही, गाठ नाही, अडथळा नाही. असंही एक दुखणं आहे. १९४८ साली विल्यम हेनेज ओगिल्वी या इंग्रज सर्जननं अशा दोन रोग्यांची हकिगत लिहिली. लक्षणं सगळी आतडं बंद पडल्याची, आणि पोट उघडून पाहावं तर आतडं मोकळं. त्याच्या रोग्यांत कारण निराळं होतं, मज्जातंतूंनाच कर्करोगानं घेरलं होतं. पण पुढे कळत गेलं, की मोठी शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळणं, रक्तातले क्षार कमी होणं आणि औषधं, यांनीही हे होतं. आमच्या बँकेत हे दुखणं मी रोज पाहतो. फाइल अडलेली नसते, साहेबांची हरकत नसते, नियम आड येत नसतो. फक्त ती पुढे ढकलणारा माणूस निजलेला असतो.

पण हा हसण्याचा प्रकार नाही. आतडं फुगत राहिलं तर फाटतं आणि माणूस जातो. अमेरिकेच्या औषध खात्यानं जानेवारी २०२० मध्ये क्लोझापीन या मानसिक आजारावरच्या मोठ्या उपयोगी औषधाबद्दलचा इशारा याच कारणासाठी अधिक कडक केला. त्याच्यामुळे होणारी बद्धकोष्ठता काही रोग्यांत आतडं बंद पडून जिवावर बेतते. औषध वाईट नव्हे. घेणाऱ्याला सकाळचा दुसरा प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं.

मामाजींच्या नाकातून नळी घातली, सलाईन लावलं, क्षार भरून काढले, आणि कोणती गोळी ताबडतोब बंद करायची नि कोणती हळूहळू कमी करायची ते ठरवलं. झोपेची गोळी पुष्कळ दिवस घेतलेली असली तर ती एकदम तोडता येत नाही, हेही तेव्हाच कळलं. मग नुसतं थांबायचं. तीन रात्री सौभाग्यवती त्या खाटेजवळ बसून होत्या. तिसऱ्या पहाटे त्या खोलीत एक दीर्घ, निःसंदिग्ध आवाज झाला. शेजारच्या खाटेवरचा गडचिरोलीकडचा म्हातारा दचकून उठून बसला. आणि मामाजी, नाकात नळी तशीच, हात वर करून म्हणाले, "लाइन क्लिअर!"

सौभाग्यवती रडायला लागल्या. शेजारचे म्हातारबा म्हणाले, "काहून रडता बाई? चांगली गोष्ट झाली ना जी!" वाऱ्याच्या आवाजाला इतका मान मिळालेला मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिला नाही.

गावी परतल्यावर आमचे स्नेही जनावरांचे डॉक्टर भेटायला आले. सगळं ऐकून म्हणाले, "अहो, हे तर आम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत. गाई-बैलाला झायलाझीनचं गुंगीचं इंजेक्शन दिलं की आमचं लक्ष आधी पोटाकडे. रवंथ थांबतं, पोट फुगतं. आडवं पडू दिलं आणि वायू कोंडला तर जनावर दगावतं. म्हणून त्याला छातीवर नीट बसवून ठेवतो." मग चहा संपवत म्हणाले, "माणसाच्या बाबतीत मात्र सगळे विचारतात, झोप लागली का? बैलाचं नशीब बरं."

आता आमच्या घरी एक वही आहे. पहिल्या पानावर सौभाग्यवतींच्या अक्षरात मामाजींच्या सगळ्या औषधांची यादी, आणि कुठल्याही डॉक्टरकडे ती वही आधी आत जाते, मामाजी नंतर. पाचांच्या दोन गोळ्या झाल्या आहेत. सकाळी तलावापर्यंत फिरणं आणि लोटाभर पाणी सक्तीचं आहे. वाईट वाटणाऱ्या डॉक्टरांपैकी एकालाही अजून वाईट वाटलेलं नाही.

राहिला झोपेचा प्रश्न. तो मामाजींनी स्वतःच सोडवला. दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या मंडळ्या गावोगाव फिरतात, आणि रात्री जेवणं आटोपून सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. मामाजी एका नाटकाला सहज म्हणून गेले. कर्ण्यांचा गडगडाट, खलनायकाचं हास्य, हार्मोनियम, शिट्ट्या, टाळ्या. आणि या सगळ्याच्या मध्यभागी मामाजी मांडवात खुर्चीवर बसून, गालावर हात ठेवून गाढ झोपलेले. त्यांच्या मते तो आवाज अगदी मालगाडीसारखा येतो. आता हंगामात पाच कोसांत कुठेही नाटक असलं की ते तिकीट काढतात, महागातलं, कर्ण्याजवळचं. नाटक कसं झालं विचारलं तर म्हणतात, "फार छान. एकदाही जाग आली नाही."